उरलेली दहा गुंठे तंबाखू

2020 च्या मार्चमध्ये आमच्या सोप्यात तंबाखूची चौदा बोदं, म्हणजे भरलेली मोठी पोती, उभी होती. निपाणीच्या व्यापाऱ्यानं पाडव्याच्या आत गाडी पाठवतो म्हणून सांगितलं होतं. पाडव्याच्या आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. कोगनोळीचा नाका बंद, निपाणीच्या वखारी बंद, विड्यांचे कारखाने बंद. गाडी आलीच नाही. पावणेदोन महिने ती बोदं आमच्यासोबत घरात राहिली. आम्ही त्यांच्या शेजारी जेवलो, झोपलो. माझी धाकटी रात्रभर शिंकायची. आणि त्याच दिवसांत दूध संस्थेची गाडी रोज दोन वेळा कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. शेजारणीचं दूध जात होतं, दहा दिवसांनी बिल येत होतं. आमचा वर्षाचा पैसा सोप्यात उभा होता आणि मी किराणा उधारीवर आणत होते.

तेव्हा मी वही काढली. बी.कॉम. झालेय, माहेर गडहिंग्लजकडचं, लग्न होऊन कागल तालुक्यात आले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीनं कामाला जातात. शेती बघतात मामा, म्हणजे माझे सासरे, आणि त्यात राबतो मी आणि आत्ती. म्हणून तंबाखू सोडायचा विषय माझ्याकडनं निघाला यात नवल नाही. तंबाखूचं पान मामांना दिसतं, मला त्याचा चीक दिसतो. शेंडा खुडल्यावर पानांच्या बेचक्यांतनं फुटवे येतात, ते आठवड्या-दहा दिवसांनी मोडत राहायचे. काळा, चिकट थर बोटांवर चढतो. साबण लागत नाही. चिंच लावायची, राख लावायची, तरी भाकरीला वास येतो. पहिल्या वर्षी दवातल्या ओल्या पानांत शिरले आणि दुपारी बांधावरच ओकले. आत्ती म्हणाल्या, "तंबाखू चढली. हुईल सवय." खरंच झाली. थोरलीला पाजायच्या आधी मी कोपरापर्यंत हात घासायची, ती मात्र सवय नव्हे, भीती होती.

मामांना हे सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले, "ह्या तंबाखूनं घर बांधलंय. तुझ्या नणंदांची लग्नं केल्यात." त्यात खोटं काहीच नव्हतं. 1981 साली निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाल्यांनी हमरस्ता अडवला, तेव्हा मामा विशीत होते, रस्त्यावर बसलेले. 6 एप्रिलला गोळीबार झाला त्याच्या आदल्या दिवशी ते वैरणीसाठी गावाकडं आले म्हणून त्यात सापडले नाहीत. आजही निपाणीवरनं गाडी गेली की ते एका ठिकाणी बोलायचे थांबतात. अशा माणसाला "एकरी नफा जास्त मिळतो" एवढ्यावर तंबाखू सोडायला सांगणं म्हणजे पोरखेळ.

कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रशिक्षणाला मी गेले होते, तिथं हेच झालं. पडद्यावर तक्ता: या पिकाचा खर्च एवढा, उत्पन्न एवढं, निव्वळ नफा एवढा. तंबाखूऐवजी दुसरं काही करणाऱ्याला मदत करायची असं भारतानं 2004 मध्येच जागतिक करारात मान्य केलंय. केंद्राच्या पीक विविधीकरण कार्यक्रमात 2015-16 पासून तंबाखू पिकवणारी राज्यं घेतलीत, त्यात महाराष्ट्र आहे. हे सगळं तिथं कळलं आणि बरं वाटलं. पण घरी येऊन तक्ता मामांपुढं ठेवला तर त्यांनी एकच विचारलं, "डुक्कर खातंय काय?"

मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि उलटं सुरू केलं. तंबाखू आमच्या घरात कोणकोणती कामं करते ते मांडलं. डुक्कर तिला तोंड लावत नाही, गवा लावत नाही, मोकळं सुटलेलं जनावर लावत नाही. म्हणजे रात्री राखणीला माणूस नको. पाऊस गेल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर ती तगते. आमची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. वाळवून बोदात भरली की नासत नाही, भाव पडला तर थांबता येतं. गणपतीच्या तोंडावर व्यापारी उचल, म्हणजे पिकाआधीच पैसे, देतो, शाळेची फी, दुकानदाराची उधारी त्यातनं भागते. आणि शेवटी पैसा एकगठ्ठा येतो, दहा हातांनी दहा ठिकाणी फुटत नाही. ही पाच कामं एकट्या पिकानं करायची म्हटलं तर त्याच्या जागी दुसरं एक पीक सापडणारच नव्हतं. हे वहीत लिहिताना मला पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हापासून मी "तंबाखूला पर्याय काय" असं विचारायचं सोडलं. डुकराचा पर्याय काय, उचलीचा पर्याय काय, असं सुटं सुटं विचारायला लागले.

उचलीचं वेगळं सांगते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. उचल म्हणजे कर्ज नव्हे असं मामा म्हणायचे, कारण त्यावर व्याज लिहिलेलं नसतं. मी व्यापाऱ्याच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढून बेरजा केल्या. व्याज नव्हतं, पण वजनात तूट होती, धुळीची कपात होती, "पान हलकं" म्हणून भावात उतार होता, आणि ज्या वर्षी उचल जास्त घेतली त्या वर्षी या तिन्ही गोष्टी जास्त होत्या. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, सोयाबीनला हमीभाव आहे, कर्नाटकात विर्जिनिया तंबाखूला निदान तंबाखू बोर्डाचा लिलाव आहे. विडीच्या तंबाखूला यातलं काहीच नाही. पट्टी बघून मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन एकर एकदम काढायची न्हाई."

एवढं पुरेसं होतं. एकूण जमीन साडेतीन एकर. त्यातलं दीड एकर मुरमाड माळ, दोन एकर काळी, ती सगळी तंबाखूची.

वांगी-टोमॅटोवर मी पहिल्याच दिवशी काट मारली. शहर जवळ, भाजीला गिऱ्हाईक, सगळं खरं; पण आमच्या रानात बंबाखू आहे. तंबाखूच्या बुडाशी हळदुल्या, बिनपानाच्या कांड्या वर येतात, निळसर फुलं धरतात, तीच. तंबाखूच्या मुळातनं ती जगते, आणि वांग्या-टोमॅटोच्या मुळातनंही. तिचं बी धुळीइतकं बारीक आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकणारं. म्हणजे तंबाखू सोडून टोमॅटो लावणं म्हणजे पाहुणा तोच, ताट दुसरं. हे मला कुठल्या तक्त्यात दिसलं नव्हतं. आत्तींनी सांगितलं, त्यांनी एकदा परसातल्या उरलेल्या वांग्यांचं वाटोळं झालेलं बघितलं होतं.

मिरची माझी आवडती. माहेरी संकेश्वरी लावायचे, लांब, सुरकुतलेली, लालभडक. पण तोडणीला बायका लागतात, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. आमच्याकडच्या बायका आता एमआयडीसीत कँटीनला, साफसफाईला जातात, महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. त्यांना तीनशे रुपयांवर उन्हात कोण बोलावणार? शिवाय चुरडा-मुरडा आला की फवारण्यांना अंत नाही. परसात दोन वाफे लावले, घरापुरते. भुईमुगावर डुकरानं काट मारली. दहा गुंठे लावून बघितला होता, एका रात्रीत नांगरल्यासारखं रान झालं. ऊस म्हणजे पाण्याचा प्रश्न, तो आमच्या विहिरीनं सोडवून टाकला होता.

2020 च्या खरिपात एक एकर सोयाबीन पेरलं. फुले संगम, म्हणजे कसबे डिग्रजच्या केंद्रातनं निघालेलं वाण, माझ्या भावाकडनं बी आणलं. झाड बघून मामा खूश. शेंगा भरल्या, पानं पिवळी पडली, आणि ऑक्टोबरच्या मध्यात परतीचा पाऊस कोसळला. काढून ठेवलेल्या ढिगाला शेंगांतच कोंब आले. ताडपत्री उचलली तर आतनं वाफ आली, आंबूस. तंबाखूनं हे कधी केलं नव्हतं, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर होतं. त्यानंतरची वर्षं बरी गेली, तरी सोयाबीनवर माझा पूर्ण जीव कधी बसला नाही. 2024-25 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली मागत होते. हमीभावाच्या केंद्रावर न्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. आम्ही अंगणात तीन दिवस पसरलं, घेऊन गेलो, काटेवाल्यानं मूठभर दाणे यंत्रात घातले आणि 13.4 दाखवून परत पाठवलं. पुन्हा टेम्पोचं भाडं. तरीही सोयाबीन ठेवलंय, कारण ते रान लवकर मोकळं करतं, त्याच्या मागं शाळू-हरभरा येतो, शाळवाचा कडबा म्हशींना होतो.

म्हशी दोन घेतल्या, पंढरपुरी. उचलीचं काम त्यांनी उचललं. दहा दिवसांचं बिल मोठं नसतं, पेंडीचे पैसे आधीच कापून येतात, पण ते येतं. 2021 च्या गणपतीत व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मामांनी पहिल्यांदा "औंदा नगं" म्हटलं. फोन ठेवून ते गोठ्यात गेले, शेण भरायला. मामांनी शेण भरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

राहिलं एकगठ्ठा पैशाचं आणि डुकराचं काम. त्यासाठी तुती आली.

रेशमाचं, म्हणजे तुतीच्या पाल्यावर अळ्या पोसून त्यांचे कोष विकायचं, मी महारेशीम अभियानाच्या गाडीवरनं ऐकलं. तुतीचा पाला जनावर आवडीनं खातं, त्यामुळं कुंपण लागतं, पण जमिनीत उकरायला डुकराला काही नाही. उसापेक्षा पाणी कितीतरी कमी, ठिबकवर आमची विहीर पुरते. एकदा लावली की दहा-पंधरा वर्षं हलत नाही. आणि कोष विकले की पैसा त्याच दिवशी, त्यात उचल नाही, तूट नाही. रोजगार हमीतनं लागवडीला आणि संगोपनगृहाला, म्हणजे अळ्या वाढवायच्या शेडला, मदत मिळते. अर्थात मस्टर, जिओ टॅग, जॉब कार्ड यांच्यामागं ह्यांच्या किती सुट्ट्या गेल्या ते विचारू नका. एका टेबलावर आमची फाइल सात आठवडे पडून होती. कारण शोधलं तर सातबाऱ्यावर पीक म्हणून अजून तंबाखूच लागलेली.

महापूर ओसरल्यावर 2021 च्या ऑगस्टमध्ये एक एकर व्ही-1 तुती लावली. मामांनी सुचवलं, शेड कशाला बांधायची, तंबाखूची खोप आहे की रिकामी. मलाही पटलं होतं, दोन-अडीच लाख वाचत होते. रेशीम कार्यालयाचे साहेब बघायला आले, खोपीच्या दारात उभे राहिले, नाकानं एक श्वास घेतला आणि म्हणाले, "इथं अळ्या मरतील." निकोटिन मूळचं कीटकनाशकच. भिंतींना, वाशांना तीस वर्षांचा धुरळा बसलेला. त्यांनी विचारलं, तुतीच्या जवळ तंबाखू आहे का? आम्ही म्हटलं, दहा गुंठे आहे, मामांसाठी ठेवलीय. लांब ठेवा, ते म्हणाले. लांब म्हणजे किती हे आम्ही नीट विचारलं नाही. तुती एका टोकाला, तंबाखू दुसऱ्या टोकाला, मध्ये सोयाबीनचे तीस गुंठे. आम्हाला ते लांबच वाटलं.

पहिली बॅच जून 2022 ला. शंभर अंडीपुंजांच्या चॉकी अळ्या आणल्या, दोन काती झालेल्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. तिथपासून कोष निघेपर्यंत 22-24 दिवस. शेवटच्या आठवड्यात त्या इतकं खातात की रात्री शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. फांद्या टाकून दारापर्यंत येईस्तोवर मागं काड्या राहिलेल्या. 58 किलो कोष निघाले. तीन गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून पिकअप केली आणि रामनगरच्या कोष बाजाराला गेलो, बेंगळूरच्याही पुढं. निपाणी, बेळगाव, हुबळी, तोच हमरस्ता. मामा बरोबर आले होते. लिलाव झाला, किलोला साडेपाचशेच्या आसपास भाव लागला, पैसे जमा झाल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. मामांनी मोबाइल हातात घेऊन आकडा पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारलं, "ह्यातनं काय कापलंय?" काही नाही, बाजार शुल्क सोडून. "बघ परत," म्हणाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घोळ झाला. चौथी कात उठून अळ्या पाचव्या अवस्थेत, चार दिवस झालेले, म्हणजे भूक ऐन भरात. आत्ती तापानं पडलेल्या, ह्यांची दुसरी पाळी, मी शेड साफ करत होते. मामा म्हणाले, फांद्या मी आणतो. त्यांनी सकाळी त्यांच्या दहा गुंठ्यांतले फुटवे मोडले होते. दुपारी तोच विळा, तेच हात, तोच सदरा. फांद्यांचे चार भारे त्यांनी डाव्या हाताच्या रॅकवर टाकले, उरलेले मी आणले ते उजव्या हाताच्या.

संध्याकाळी सहाला गेले तर डावीकडं आवाजच नव्हता. उजवीकडं सरसर चाललेली आणि डावीकडं शांत. बॅटरी मारली. अळ्यांनी पुढचा भाग वर उचलून धरलेला, मान ताठ, जणू कुणी हाक मारलीय. तोंडाशी तपकिरी थेंब. एक उचलली तर अंग आखडून बोटाएवढी अळी अर्धी झालेली, आणि माझ्या हातावर ओकली. मला आधी रोग वाटला. चुना मारला, खिडक्या उघडल्या, साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उजवीकडच्या ठीक आहेत ना? मग रोग नाही. पाला कुणी कापला?

मामा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. "माझ्या हातानं झालं व्हय?" एवढंच म्हणाले आणि हात उजेडात धरले. बोटांवर तोच काळा थर होता, जो मी अकरा वर्षं चिंचेनं घासला होता. मला राग आला होता, चांगलाच आला होता, पण तो थर बघून काय बोलावं सुचेना. रात्री आम्ही दोघांनी डावीकडच्या अळ्या घमेल्यांत भरून खड्ड्यात पुरल्या. उजवीकडनं 41 किलो कोष निघाले.

त्यानंतर बरंच बदललं, आणि ते भांडून नाही बदललं. आम्ही डिसेंबर-जानेवारीत बॅच घेत नाही. पश्चिमेच्या बांधाला शेजाऱ्याची एकरभर तंबाखू असते, ती त्या दिवसांत पिकते, वारा आमच्याकडं. त्याला सांगायला जाऊ शकत नाही, आणि कुठल्या तोंडानं सांगणार? वर्षाला पाचाऐवजी चार बॅचा, एवढा तोटा धरूनच हिशेब करते. त्या दोन महिन्यांत तुतीचा पाला म्हशींना जातो. पश्चिमेकडच्या दोन ओळींचा पाला मात्र म्हशींनाही घालत नाही, जमिनीवर अंथरते. शेडच्या दारात हात धुवायची बादली, साबण आणि जुने तीन सदरे. मजूर बाई आली तर आधी विचारते, आज कुणाच्या रानात होतीस? मिश्री लावणाऱ्या दोघींना मी फांद्या कापायला घेत नाही. त्या माझ्यावर रुसल्यात.

एकगठ्ठा पैशाचं काम तुतीनं नीट केलं असं मी म्हणणार नाही. चार हप्त्यांत येतो, भाव वर-खाली होतो, एकदा रेशमाच्या अळ्यांवर पोसणाऱ्या उझी माशीनं वीस किलो खाल्ले. थोरलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाला म्हणून मी दर बॅचचे दहा हजार वेगळ्या खात्यात टाकते, नाहीतर ते म्हशीच्या पेंडीत कधी गेले कळत नाही. तंबाखू हे आपोआप करायची. दीड एकर माळाचं काय करायचं तेही अजून ठरलेलं नाही; तिथं शाळू आणि हत्तीगवत, आंब्याची चौदा कलमं, त्यातली तीन वाळली.

मामांची दहा गुंठे मात्र आहेत. सोयाबीनच्या पलीकडनं काढून ती आता माळाच्या वरच्या कोपऱ्यात नेलीत, तुतीपासनं सगळ्यांत लांब. मुरमाड रान, पान बारीक येतं. शेडमध्ये यायचं असेल तर ते आधी आंघोळ करतात, सदरा बदलतात, आणि कमरेची चंची दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवतात. खिळा त्यांनीच ठोकलाय.

परवा तो व्यापारी गावात आला होता, जुन्या ओळखीनं चहाला थांबला. "आण्णा, औंदा किती लावलीसा?"

"दहा गुंठं."

"दहा गुंठ्यात काय हुतंय हो?"

मामांनी दाराकडं, खिळ्यावरच्या चंचीकडं बघितलं. "माझ्यापुरती," म्हणाले.